परकेपणाचं अनुदान

मैत्री झाल्याचं सिद्ध झालं की अनुदान बंद. राष्ट्रीय सहसंशोधन मंडळाचा हा नियम आता सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की परदेशी सहकाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा शास्त्रज्ञ लाच घेताना पकडल्यासारखा ओशाळायचा.

मंडळाचा हिशोब मात्र चोख होता. एक माणूस आपला, एक परदेशातला. खर्च दोन्ही देशांचा, शोधावर हक्कही दोघांचा. पण दोन डोकी सारखाच विचार करू लागली तर एका डोक्याच्या कामाला दोन पगार जातात, हे मंडळाला उशिरा का होईना उमगलं. मग मेंदूशास्त्रज्ञांनी ‘विचारांतर’ मोजणारी टोपी काढली. ती घालून बसायचं. समोर अनोळखी चित्रं आणि कोडी येतात, आणि मन त्यांच्याकडे कुठल्या वाटेने जातं याचा नकाशा निघतो. दोघांचे नकाशे एकमेकांवर ठेवले की दोन मनं किती लांब आहेत ते कळतं. फार लांब असली तर एकमेकांचं बोलणं समजत नाही. फार जवळ असली तर नवीन काही सुचत नाही. शोध लागतात ते मधल्या पट्ट्यात. सरहद्दीपलीकडचा सहकारी हवा तो यासाठी. तो आयता परका मिळतो. अडचण एवढीच, की बरोबर काम करणारी माणसं फार काळ परकी राहत नाहीत.

नागपूरच्या डॉ. चारुशीला बोकारे यांनी ही अडचण नऊ वर्षं निगुतीने टाळली होती. त्या इथे, इल्मार ताम्म एस्टोनियातल्या तार्तू शहरात, आणि दोघांच्या मध्ये साखरेची एक पातळ पापुद्री. तिच्यात लस सुकवून ठेवली, की ती फ्रीजशिवाय टिकायला हवी होती. मेळघाटातल्या वीज नसलेल्या पाड्यांवर लस खिशात घालून नेता येईल, असं त्यांचं स्वप्न होतं.

दोघांच्या प्रत्येक संभाषणावर ‘पहारेकरी’ नावाचा प्रोग्राम कान लावून असे. पहिल्याच वर्षी चारुशीलाने सवयीने विचारलं, “जेवलात का?” इल्मारने तोंड उघडायच्या आत कॉल तुटला. ‘खासगी चौकशी’ असा शेरा मारलेलं पत्र दुसऱ्या दिवशी हजर. तेव्हापासून तिचं पहिलं वाक्य तापमानाबद्दल असे.

अमरावतीहून तिची थोरली बहीण नलूताई राहायला आली, तेव्हा हा सगळा प्रकार तिला समजावून सांगावा लागला.

“लग्न झालंय का त्याचं?” नलूताईने पहिला प्रश्न टाकला.

“माहीत नाही.”

“मुलंबाळं?”

“तेही नाही.”

“अगं, नऊ वर्षं झाली! भाजीवालीशी नऊ मिनिटं बोलले तरी मला तिच्या सुनेचं बाळंतपण कळतं.”

“आम्हाला चालत नाही, ताई. त्याच्या सवयी मला लागल्या आणि माझ्या त्याला, की संपलं.”

“म्हणजे सोवळं आहे म्हण की. शिवलं की बाटलं.”

“तसंच समज. बाटलो की जोडी फोडतात. दोघांना नवे परके देतात, काम तिसऱ्याच कुणाकडे जातं, आणि जुन्याशी संपर्कबंदी. मनं पुन्हा लांब जाईपर्यंत.”

“काय बाई सोय आहे! नवरा-बायकोंना कधी मिळणार?” नलूताई हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, “आवडतो का गं तुला तो?”

“चूक कबूल करायच्या आधी तो चष्मा पुसतो,” चारुशीला म्हणाली. “एवढंच माहीत आहे मला त्याच्याबद्दल.”

“मी विचारलं काय, तू सांगतेस काय! कळलं मला. सोड ते अनुदान, आणि बोल त्याच्याशी.”

“पापुद्री अजून उन्हाळ्यात तडकते. एक टप्पा राहिलाय. तो झाला की बोलेन.”

नलूताई आठ दिवस राहून गेली. घर पुन्हा आपल्या जागी आलं: एक ताट, एक वाटी, आणि रेडिओही बंद, कारण एखादं गाणं ओठांवर राहिलं तर कॉलमध्ये गुणगुणलं जायचं. प्रयोगशाळेतल्या चहालाही चारुशीला आता जात नसे. तिथले विनोद तोंडात बसतात. प्रत्येक वाक्य ती आधी भिंतीला म्हणून दाखवी, त्यातली ऊब काढून टाकी आणि मगच इल्मारला ऐकवी. हसायचं असेल तर कॅमेरा बंद झाल्यावर. मंडळाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. खबरदारी तिची स्वतःची होती.

शेवटच्या टप्प्याआधी दोघांची टोपी घालून तपासणी झाली. निकाल सांगायला मंडळाचे विभागीय अधिकारी खानझोडे स्वतः आले. वाईट बातमी देणारी माणसं खुर्चीच्या कडेवर बसतात, तसे बसले.

“बाई, तुमचं अंतर पट्ट्याच्या खाली गेलंय. खूपच खाली. जुळ्या भावंडांचंही इतकं कमी येत नाही.”

“आम्ही एक शब्दही अवांतर बोललेलो नाही!”

“पहारेकरीही तेच सांगतो. हे चित्र आठवतं?” त्यांनी पडद्यावर एक गजबजलेली खानावळ दाखवली. “यात बहुतेकांचं मन आधी ताटांकडे जातं. काहींचं चेहऱ्यांकडे. तुमचं गेलं कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे. तिथे बसलं तर कुणी बोलायला येणार नाही, म्हणून. ताम्म यांचंही तिथेच गेलं. प्रत्येक चित्रात असंच.”

चारुशीलाने पडद्यावरच्या त्या टेबलावर बोट ठेवलं.

“खानझोडेसाहेब, माणसं जवळ आली की सारखी होतात, हे तुम्ही मोजलंत. एकटी ठेवली तरी होतात, हे मोजायचं राहिलं. नऊ वर्षं आम्ही दोघांनी एकच काम केलं. माणसं टाळली. तार्तूतला एकटेपणा नागपूरच्या एकटेपणाहून वेगळा कसा असेल?”

“जुन्या सगळ्याच जोड्यांचं असं येतंय,” खानझोडे हळूच म्हणाले. “मंडळाला वाटतंय, सगळ्यांनी मिळून लबाडी केली. तुमचं काम दुसऱ्या जोडीला दिलंय. संपर्कबंदी उद्यापासून. आज निरोपाचा एक कॉल आहे, पहारेकऱ्याशिवाय. आता राखायला काही उरलं नाही ना.”

दुपारी पडद्यावर इल्मार आला. त्याच्या मागची भिंतही बोडकी होती. चारुशीलाने मनात जपून ठेवलेला प्रश्न काढला.

“तुम्ही कधी…” दोघं एकदमच बोलले.

दोघं थांबले. दोघांनी हातानेच ‘आधी तुम्ही’ अशी खूण केली. दोघांनी वाट पाहिली, सारखीच. मग पुन्हा एकदम, त्याच शब्दांनी सुरुवात केली आणि पुन्हा थांबले. चारुशीलाला त्याचा प्रश्न माहीत होता. तिचाच होता तो. त्याचं उत्तरही माहीत होतं. तिकडेही तेच: भिंतीशी बोलणं, बंद रेडिओ, कॅमेरा बंद झाल्यावरचं हसू. त्याला सांगण्यासारखं तिच्याकडे असं काहीच नव्हतं, जे त्याच्याकडे आधीपासून नव्हतं. जगात आपल्यासारखं एकच माणूस आहे आणि ते समोर बसलंय, हे तिला कळत होतं. तरी खोलीत दुसरं कुणी आल्यासारखं वाटत नव्हतं.

कॉल बंद करायला तिने हात पुढे केला. पडद्यावर त्याचाही हात पुढे येत होता.