गोजरबाईंचा होकार

सीना नदीच्या पुरानं वेढलेल्या टेकाडावर पोहोचायचं, गोजरबाईंचा सुजलेला पाय टॅबलेटवरून डॉक्टरांना दाखवायचा आणि पाणी आणखी चढायच्या आत परत यायचं. मोहीम एवढीच होती!

मी वैजयंती, नदीकाठच्या उपकेंद्रातली नर्स. गोजरबाई सांगोल्याकडच्या धनगर. ऐंशी मेंढरं घेऊन चारणीला आल्या आणि दोन दिवसांपासून तिथं अडकल्या होत्या. पोटरीत बाभळीचा काटा मोडला होता, ताप चढला होता, पण मेंढरं सोडून त्या हलेनात. त्यांचा मुलगा इंद्रजीत सकाळी पोहत आला आणि उपकेंद्राच्या दारातच बसकण मारून रडायला लागला. बचाव पथकाची बोट दुसऱ्या गावात गुंतली होती. मग गावातल्या बडेसाबचाचांनी त्यांच्या गुऱ्हाळातली काहील ओढून काढली. गूळ आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. पूर आला की आमच्याकडे तीच होडी होते.

निघण्याआधी मी टॅबलेटवर गोजरबाईंची तपासणीसाठी नोंद करून टाकली. संमतीच्या चौकटीत खूण केली, ओटीपी माझ्याच फोनवर घेतला. पुढे रेंज मिळो न मिळो! आमच्याकडे तशी रीतच पडली होती. पेशंटकडे फोन नसतो, आपल्याकडे वेळ नसतो, मग नर्सच त्याच्या वतीनं हो म्हणून मोकळी.

चाचा, इंद्रजीत आणि मी काहिलीत बसून निघालो. ऊस पार बुडाला होता, नुसते शेंडे पाण्यावर हलत होते. चाचा बांबूनं तळ चाचपत काहील पुढं रेटत होते. मधल्या ओघात शिरलो आणि चाचा ओरडले, "हलू नका! गिरकी घेती ही!"

घेतलीच! एक, दोन, तीन गिरक्या! एक ओंडका काठावर धाडकन आदळला. पाणी आत आलं. मी टॅबलेटची पिशवी डोक्यावर धरली. इंद्रजीतनं दोरी दातात धरून उडी मारली. दोरी ताणली, सुटली, पुन्हा ताणली! कशीबशी काहील टेकाडाला लागली तेव्हा आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून हसत होतो, का ते देवालाच ठाऊक.

वाघरीच्या, म्हणजे कळप कोंडायच्या, जाळ्यात मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. शेजारी घोंगडीवर गोजरबाई. पोटरी लालभडक, टम्म फुगलेली. टॅबलेटवर एक दांडी रेंज आली. पडद्यावर सोलापूरच्या डॉक्टर उत्कर्षा दिसल्या.

"संमती झालेली दिसतेय. पाय दाखवा."

गोजरबाईंनी झटकन घोंगडी पायावर ओढली. "कुणाची संमती?"

"तुमची, मावशी."

"मी कवा दिली?"

"मीच खूण केली, मावशी. येण्याआधीच."

"मेंढीच्या गाठीला चिरा द्यायचा असंल तरी आमी आदी धन्याला इचारतो. आन् माज्या पायाला धनी कोण हाय? मीच की! मिटवा ते!"

खरं सांगते, मला रागच आला. जीव मुठीत धरून आलो आणि बाई हट्टाला पेटल्या! इंद्रजीतनं तर त्यांचा पायच धरला. "सिस्टर, मी दाबून धरतो. तुमी चिरा!"

खालून चाचांची हाक आली. "पाणी हातभर चढलं! आवरा की!"

पाय धरल्याबरोबर गोजरबाईंच्या डोळ्यांत जी आग उसळली, ती पाहून माझा राग गळाला. ही आग मीच लावली होती.

"सोड त्यांना," मी म्हणाले. "त्या नको म्हणाल्या तर मी ब्लेड उघडणार नाही."

"आन् ती मेली तर?"

"तरीही नाही!" मी पडद्याकडे वळले. "मॅडम, ती संमती यांची नाही. मी रद्द करतेय. वर काय कळवायचं ते कळवा."

डॉक्टर पडद्याजवळ सरकल्या. "करा रद्द. मावशी, मी उत्कर्षा. मला इथून सगळं कळणार नाही. पाय दाबून बघता येत नाही, माझी चूकही होऊ शकते. वैजयंतीच्या हातून काटा काढू. काटा खोल असेल तर दवाखान्यात यावं लागेल. तुम्ही थांबा म्हणालात की थांबू."

"न्हाय म्हणले तर?"

"तर धुऊन पट्टी, गोळ्या, आणि बोटीची वाट. पण विष अंगात भिनायची भीती मोठी आहे."

"ह्ये चित्र कुटं ठिवणार न्हाय न्हवं?"

"नाही. औषधाची नोंद तेवढी..."

पडदा गोठला. रेंज गेली! मी टॅबलेट उंचावला, धावले, खडकावर चढले. टेकाडाच्या माथ्यावर दांडी परत आली, पण गोजरबाई खाली होत्या. खाली घोंगडीच्या कडेला पाणी लागत होतं.

"मला वर न्या!" त्या गरजल्या. "त्या डाक्तर पोरीला जबाब द्यायचाय माजा मला!"

चाचांनी आणि इंद्रजीतनं घोंगडीची झोळी केली. पाय निसटत होते, दगड घरंगळत होते. चाचा एकदा आपटले, पण झोळी सुटली नाही. माथ्यावर पोहोचताच गोजरबाईंनी टॅबलेट स्वतःच्या हातात घेतला.

"व्हय. काढा काटा. पर पायच दाखवायचा, तोंड न्हाय."

सुन्न करायची सुई दिली. डॉक्टर सांगत गेल्या तसा छोटा चिरा दिला. पू भळाभळा वाहिला. चिमटा आत गेला, अडकला, आणि बोटाच्या पेरभर काटा बाहेर आला! गोजरबाईंनी हूं की चूं केलं नाही. मीच रडले.

परतायची वाट बंद झाली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून मेंढरं माथ्यावर हाकली आणि तिथंच बसून राहिलो. दुपार कलली तसं पाणी चढायचं थांबलं आणि ताप दोन अंशांनी उतरला. गोजरबाईंनी भाकरी मागितली. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, सुटकेचा निःश्वास टाकला.

"छान! मग उद्या सकाळी पुन्हा बघू हं, मावशी."

गोजरबाईंनी घास गिळला आणि पदरानं तोंड पुसलं.

"उद्याचं उद्या इचार!"