पाहुणी रविवारी जाणार नाही!

"तंबू वकील उचलणार, पातेलं शेपूट उचलणार आणि मी यादी उचलणार!" चष्मिषने जाहीर केलं.

"वा! आणि यादीचं वजन किती भरतं गं?" वकील उसळला. "सायकलवर तंबू बांधून टेकडी चढायची म्हणजे काय खायचं काम आहे?"

"मी पातेलं डोक्यावर घालणार! हेल्मेट!" शेपूट ओरडला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सुट्टीची सभा भरली होती. चष्मिष तेरा वर्षांची, या घरातली थोरली. शेपूट तिचा आठ वर्षांचा भाऊ. त्याला वगळून कुठे जाणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं, म्हणून हे नाव. वकील शेजारचा. त्याच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. आणि चौथी पाहुणी.

पाहुणी समुद्रापलीकडच्या देशातून आली होती. दोन देशांतल्या शाळा वर्षभरासाठी विद्यार्थ्यांची अदलाबदल करत, त्या योजनेत तिची निवड झाली होती. इथली भाषा ती दोन वर्षं शिकत होती. या घरात येऊन तिला महिनाच झाला होता, पण आता कोणता डबा कुठे असतो हे तिला शेपटापेक्षा जास्त माहीत होतं!

तेवढ्यात फोन वाजला. चष्मिषच्या आईने घेतला. ती शहरात बस चालवायची. पाहुणी तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायची.

"हो... पण असं कसं? अहो, ऐकून तरी घ्या!" मावशीचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. फोन ठेवून ती खुर्चीत टेकली.

"फाइलवाल्या सरांचा फोन होता. पाहुणीला परत पाठवतायत. रविवारच्या विमानाने."

"रविवारी? म्हणजे तेरवा?" चष्मिषच्या हातून पेन्सिल सुटली.

अदलाबदलीचं सगळं काम बघणारे सर नेहमी काखेत एक जाडजूड फाइल घेऊन फिरत, म्हणून मुलांनी त्यांचं हे नाव ठेवलं होतं.

"त्या पुरळामुळे ना?" पाहुणीने हळूच विचारलं.

मावशीने होकारार्थी मान हलवली. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पाहुणीच्या अंगावर लाल पुरळ उठलं होतं. मग पहिलीतल्या जुळ्या बहिणींच्या अंगावरही तसंच उठलं. झालं! शाळेतल्या नर्सबाईंनी दारातूनच पाहिलं आणि कागदावर लिहून टाकलं, 'साथीच्या आजाराची शक्यता.' जुळ्यांच्या आईने तक्रार केली. फाइलवाल्या सरांनी कागद फाइलला लावला आणि तिकीट काढून मोकळे झाले!

"हा सरळ सरळ अन्याय आहे!" वकील टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "आरोपीला बोलायची संधीसुद्धा नाही?"

 पाहुणी उठून खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर शाळेचा अख्खा युनिफॉर्म होता! पांढरा शर्ट, करडा स्कर्ट, बाटलीसारखा हिरवा कोट आणि पट्ट्यापट्ट्यांचा टाय.

"सुट्टीत हे काय?" शेपटाने विचारलं.

"टायची गाठ शिकायला मला नऊ दिवस लागले," पाहुणी म्हणाली. "हा कोट घातला की रस्त्यात कुणी वळून बघायचं नाही. शंभर मुलांत मी पण एक! आता दोनच दिवस उरलेत. घालू दे मला."

 संध्याकाळपर्यंत ती त्या कोटातच वावरली. दिवे लावायच्या वेळी मात्र ती मान चोळायला लागली. मग मनगटं.

"थांब! हलू नकोस!" चष्मिषने तिला खिडकीपाशी ओढलं आणि चष्मा नाकावर घट्ट बसवला. मानेवर कोटाच्या कॉलरएवढी लाल पट्टी उमटली होती. मनगटांभोवती बाह्या टेकतात तिथेच दोन लाल कडी!

"सकाळी हे नव्हतं," चष्मिष भराभर बोलू लागली. "सोमवारी सुट्टी लागली. सोमवारपासून तू युनिफॉर्म घातला नाहीस आणि पुरळ कमी होत गेलं. आज घातलास आणि पुन्हा आलं! अगं, आजार तुझ्यात नाहीये. कोटात आहे!"

"पण माझ्याही अंगावर हाच कोट असतो की!" वकील म्हणाला. "मला का नाही काही झालं?"

"तुझा कोट दोन वर्षांपूर्वीचा, मी ताईचा घालतो. नवाकोरा फक्त हिचा!" शेपूट म्हणाला. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. शेपटाच्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाक्य पहिल्यांदाच निघालं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे जुळ्यांच्या घरी हजर. त्यांच्या आईने दार उघडलं आणि पाहुणीला बघताच ती दोन पावलं मागे सरली.

"तिला फाटकाबाहेर उभी करा! माझ्या पोरींना काय कमी त्रास झाला?"

पाहुणी मुकाट्याने फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. चष्मिषचे कान संतापाने लाल झाले, पण वकिलाने तिला कोपराने ढोसलं.

"काकू, फक्त तीन प्रश्न," तो शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला. "जुळ्यांचा युनिफॉर्म नवीन आहे का?"

"कोरा करकरीत. याच महिन्यात शाळेमागच्या दुकानातून घेतला."

"पुरळ कुठे आलं होतं?"

"मानेला आणि मनगटांना. का रे?"

"आणि सुट्टी लागल्यापासून?"

"आता नाही. औषधाने गेलं..." बाई बोलता बोलता थांबल्या. "पण औषध तर पोरींनी दोनच दिवस घेतलं."

"आभारी आहे, काकू! साक्ष संपली!" आणि वकिलाने सायकलवर टांग टाकली.

शाळेमागच्या गल्लीत युनिफॉर्मचं दुकान होतं. गळ्यात मोजपट्टी अडकवलेले टेपवाले काका टेबलावर कोटांच्या घड्या घालत होते. मागे नव्या पाकिटांची चळत उभी होती.

"काका, ही पाकिटं कुणाची?" चष्मिषने विचारलं.

"पहिलीच्या नव्या तुकडीची. बारा मुलं आहेत. सोमवारी सकाळी शाळेत पोचवायचीत."

बारा मुलं! चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, तुमच्या कापडात काहीतरी आहे. हिच्या अंगावर पुरळ..."

"काय? माझ्या कापडात?" काका गरजले. "वीस वर्षं दुकान चालवतोय मी! पहिल्या नंबरचं कापड आहे! चला, पळा इथून!"

सरळ विचारून उपयोग नव्हता. वकिलाने डोकं खाजवलं आणि अचानक त्याचा चेहरा अगदी भोळाभाबडा झाला.

"जाऊ दे गं," तो चष्मिषला मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "आई म्हणतच होती, या दुकानातल्या लोकरीला कसर लागलीय म्हणून. किडेच किडे! आपण दुसरीकडे बघू."

"किडे?" काकांची मोजपट्टी गळ्यातून घसरली. "माझ्या दुकानात किडे? एक किडा दाखव! एक!"

"असतील हो आत, तागे ठेवता तिथे," शेपटाने अंग खाजवत भर घातली. "मला आत्तापासूनच चावतायत!"

"अरे, होती कसर! पण शाळा उघडायच्या आधी एकेका ताग्यावर मी स्वतःच्या हाताने औषध फवारलंय! जालीम औषध! थांब, दाखवतोच तुला!"

काका तरातरा मागच्या खोलीत गेले आणि एक पिवळा डबा घेऊन आले. तो त्यांनी विजयी मुद्रेने टेबलावर आपटला. "हे बघ! आता एक किडा जिवंत राहील का, सांग!"

पाहुणी पुढे झाली. नवी भाषा पक्की व्हावी म्हणून ती दिसेल ती पाटी, दिसेल ते लेबल अक्षर न अक्षर वाचायची. डब्यावरचा सगळ्यात बारीक मजकूर ती बोट ठेवून सावकाश वाचू लागली.

"फक्त फरशी आणि भिंतींसाठी. कपड्यांवर वापरू नये. त्वचेला लागल्यास... खाज आणि पुरळ येते."

 काकांनी डबा उचलला, दूर धरला, जवळ धरला. मग खिशातून चष्मा काढून वाचलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"वास तर दोन दिवसांत गेला होता," ते पुटपुटले. "मला वाटलं, झालं."

"फवारल्यावर कापड धुतलं होतं का, काका?" चष्मिषने विचारलं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग बारा पाकिटांच्या चळतीकडे पाहून ते मटकन खाली बसले. "बारा लेकरं! पोरांनो, सोमवारी मी ही वाटून टाकली असती रे!"

शनिवारी सकाळी मावशी चौघांना आपल्याच बसने इस्पितळात घेऊन गेली. सोबत पाहुणीचा कोट आणि काकांनी आपणहून दिलेला तो डबा. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहुणीची मान पाहिली, मनगटं हातात घेऊन पाहिली, डब्यावरचं लेबल दोनदा वाचलं.

"हे एकाचं दुसऱ्याला लागतच नाही!" त्या म्हणाल्या. "शाळेत कुणी हिला जवळ बसवून तपासलं तरी होतं का?" त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहून दिलं आणि फाइलवाल्या सरांना फोन लावला. वाजून वाजून तो बंद झाला.

"योजनेचं ऑफिस दुपारी दोनला बंद होतं," मावशीने घड्याळ पाहिलं. "त्याआधी सरांची सही झाली नाही, तर उद्याचं तिकीट रद्द होणार नाही. आणि मला पुढची फेरी सोडता येत नाही गं."

"आम्ही आहोत ना!" चौघे एकदमच ओरडले.

घरी येऊन चौघांनी सायकली काढल्या. सरांच्या दारात त्यांच्या बायकोने हात उडवले. "तळ्यावर गेलेत मासे धरायला. फोन? तो काय, कपाटावर! म्हणे सुट्टीत कामाचं बोलायचं नाही!"

सायकली सुसाट सुटल्या! चढ आला, उतार आला, शेपटाची चेन पडली, पाहुणीने काळ्या हातांनी ती बसवली. तळ्याकाठी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. आणि सर? सर तळ्याच्या मधोमध होडीत बसले होते!

"सर! पत्र आहे! सर!" चौघेही घसा फोडून ओरडू लागले.

सरांनी टोपी काढून आनंदाने हलवली आणि पुन्हा गळ टाकला.

"त्यांना वाटतंय आपण टाटा करतोय!" चष्मिष रडकुंडीला आली.

शेपूट मात्र काठावरच्या दगडावर चढला, हात पसरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मासा! बाप रे, केवढा मोठा मासा! इकडेच आहे!"

होडी गर्रकन वळली. वल्ही अशी सपासप चालू लागली की दोन मिनिटांत सर काठाला!

"कुठे आहे? कुठे आहे मासा?"

"सर, मासा गेला," वकील नम्रपणे म्हणाला, "पण पत्र आहे."

सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग पत्र वाचलं, पाहुणीच्या मनगटांवरचे वळ पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भराभर सामान गोळा केलं आणि चौघांना सायकलींसकट आपल्या गाडीच्या मागच्या हौद्यात बसवलं. दोनला सात मिनिटं कमी असताना ऑफिसात कागदावर सही झाली. तिकीट रद्द!

पाहुणीने चष्मिषला अशी घट्ट मिठी मारली की चष्मा वाकडा झाला!

सोमवारी सकाळी सगळी शाळा सभागृहात जमली. मुख्याध्यापिकाबाईंनी चौघांना पुढे बोलावलं. पाहुणी साध्या कपड्यांत होती. टेपवाले काका नवं कापड मागवून, धुऊन, मगच शिवणार होते. जुळ्यांना आणि तिला सगळ्यात आधी.

"आम्ही मोठ्यांनी नीट पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "पाहुणी आली आणि आजार आला, एवढाच हिशेब केला. या चौघांनी डोळे उघडे ठेवले, प्रश्न विचारले, म्हणून आणखी बारा मुलं वाचली. शाळेला तुमचा अभिमान आहे. आणि पाहुणी, शाळा तुझी माफी मागते."

टाळ्यांनी छत दणाणलं! फाइलवाले सर आणि नर्सबाई खाली मान घालून, पण मनापासून टाळ्या वाजवत होते.

सगळे बाहेर पडत असताना जुळ्यांची आई पाहुणीसमोर येऊन उभी राहिली. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. "मी तुला फाटकाबाहेर उभं करायला नको होतं."

पाहुणी गोंधळली. मोठ्या माणसाने माफी मागितली तर काय उत्तर द्यायचं, हा धडा तिच्या भाषेच्या पुस्तकात नव्हताच. तिने क्षणभर विचार केला, मग गुडघ्यांवर बसून जुळ्यांना विचारलं, "तुमच्यात मोठी कोण?"

"मी!" दोघी एकदमच ओरडल्या आणि तिच्या दोन्ही हातांना लोंबकळून भांडायला लागल्या.