कोथरूडमधलं शेत

"इथं ते हवामानवाले कुठं बसतात हो?"

ऑफिसखालच्या टपरीवर शेफालीने चहाचा ग्लास ओठांपाशीच थांबवला. समोर उन्हाने रापलेला एक उंच तरुण. काखेत फाटक्या प्लास्टिकची गुंडाळी, कपाळावर आठ्या.

"का?"

"भांडायचंय."

"मग आधी चहा घ्या. वर ऑफिसात मिळत नाही." तिने सुस्कारा सोडला. "आणि भांडण माझ्याशीच आहे. ॲप मी लिहिलंय."

तो गोंधळला… आणि छान हसला. शेफालीला त्याचाच राग आला. भांडायला आलेल्या माणसाने असं हसू नये.

सार्थक त्याचं नाव. पुण्याजवळ मांजरी गावात जरबेराच्या फुलांचं पॉलिहाउस. सोमवारी वळवाच्या वाऱ्याने त्याचं अर्धं छत फाडून नेलं आणि नेमकं तेव्हाच ॲप त्याला सांगत होतं – आकाश निरभ्र.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"गुलटेकडीला. फुलं विकायला."

शेफालीने कपाळावर हात मारून घेतला. शेतकऱ्याला काही माहिती भरावी लागू नये म्हणून तिनेच ही सोय केली होती. फोन जिथे, तिथलं हवामान. कोण कौतुक झालं होतं ऑफिसात!

"मी काय शेत खिशात घालून फिरतो व्हय?" सार्थक म्हणाला.

शेफालीने आणखी एक चहा सांगितला.

शनिवारी ती मांजरीला गेली. ॲपमध्ये तिने आता नवी सोय केली होती: शेताचे चार कोपरे एकदा नकाशावर नोंदवले, की फोन कुठेही असो, इशारा शेताचाच येणार. सार्थक फोन घेऊन बांधावरून फिरला आणि दर वेळी शेजाऱ्याची विहीर आपल्या शेतात घेऊन आला.

"मुद्दाम करताय ना?"

"मुद्दाम केलं… तर पुन्हा याल?"

"आले तर त्याच विहिरीत ढकलीन."

"पोरी, भांडाय आलीस तरी जेवून भांड," त्याची आत्या मुक्ताबाई चुलीपुढून ओरडली. शेफाली जेवली, भांडली आणि जरबेराची जुडी घेऊन घरी आली.

मग रोज संध्याकाळी त्याचा फोन. इशाऱ्याचा आवाज बारीक हाय. 'मध्यम ते तीव्र' म्हणजे पॉलिहाउसचे पडदे सोडायचे का नाही, ते सरळ सांगा की! त्याचं म्हणणं दर वेळी बरोबर निघायचं, याचा तिला भारी वैताग यायचा. आणि संध्याकाळ झाली की आपण फोन हाताशी ठेवतो, याचा त्याहून जास्त.

एका दुपारी ऑफिसात शेफालीच्या स्क्रीनवर इशारा आला. 'मांजरी. दोन तासांत वादळी वारा. पडदे आत्ताच सोडा.' शब्द तिचेच होते. तिने सार्थकला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. नवं छत परवाच चढलं होतं. ते गेलं तर लग्नसराईची सगळी फुलं जाणार. आणि हा माणूस वाऱ्यात वर चढला असेल तर? साधा फोन उचलता येत नाही? हा राग नुसता राग नाही, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

संध्याकाळी कोथरूडमध्येही गारा कोसळू लागल्या. शेफाली ऑफिसच्या दारात अडकून पडली होती, तेवढ्यात सार्थकची मोटारसायकल आवारात शिरली. तो नखशिखांत भिजलेला, आणि काखेत घडी केलेला कोरडा रेनकोट.

"छत?" तिने आधी विचारलं.

"जागेवर हाय. पडदे सोडले, दोऱ्या आवळल्या, मग आला वारा."

"आणि फोन?"

"दोन्ही हात दोरीला होते."

"नंतर करायचा! आणि गारांतून मांजरीहून इथे कोण येतं? वेडे आहात का?"

"माझ्या दुसऱ्या शेताचा पण इशारा आला…"

"कुठलं दुसरं शेत?"

त्याने फोन पुढे केला. चार कोपरे, बरोब्बर तिच्या ऑफिसच्या इमारतीभोवती. या वेळी विहीर आत आली नव्हती.

"इथे… काय पीक आहे तुमचं?"

"पीक नाही. माणूस हाय माझं." तो अडखळला. "म्हणजे… व्हावं, असं वाटतं."

"चुकीचं टाकलंय."

त्याचा चेहरा पडला.

"ऑफिस कशाला टाकलंत? सहाला निघते मी. रविवारी इथे चिटपाखरूही नसतं!" तिने फोन ओढून घेतला. "माझ्यासाठी जुनीच सोय बरी. माझा फोन जिथे, तिथलं हवामान. कळलं?"

"म्हणजे… हो समजायचं?"

"अरे देवा! आता त्याचंही बटण करून देऊ?" तिने रेनकोट अंगावर चढवला. डोळे मात्र भरून आले होते. "चल, आधी चहा घे. आणि यापुढे मी फोन केला की उचलायचास तू. आयुष्यभर."