तिसरी घोषणा

सव्वीस वर्षं बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून वहिनीनं गाड्या पुकारल्या. तिचा आवाज असा, की बाकावर घोरणारा माणूस उठून बरोबर आपल्याच गाडीत चढायचा. स्थानकावर सगळेच तिला वहिनी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. आणि नेमकी तिच्याच घशात गाठ निघावी? ऑपरेशन झालं, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, "आता बोला, काही अडचण नाही." वहिनीनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्याला तीन महिने होऊन गेले होते, आणि तेव्हापासून ती वहीत लिहूनच बोलायची.

आता सोमवारी साहेबांसमोर माइकवर बोलून दाखवायचं होतं. नाही जमलं तर तिच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज लागणार आणि तिची रवानगी पार्सलच्या खिडकीत. म्हणजे मरेपर्यंत खोकी मोजायची, आणि वरून कुठलीतरी परकी बाई तिच्या गाड्या पुकारणार. घरी सराव करावा तर इकडे नवरा, तिकडे शेजारीण, दोघं कान टवकारून बसलेले. घसा आणखीच मिटायचा.

"चल माझ्याबरोबर डोंगरात," नणंद म्हणाली. "तिथे तुझं ऐकायला चिटपाखरू नाही."

नणंद हाडाची भटकी. जिथे पाटी आहे, नळ आहे, शेजारी दुसरा तंबू आहे, तिथे ती थांबायचीच नाही. गुरुवारी दुपारी चार तासांची पायपीट करून दोघी ओढ्याकाठी पोचल्या. मोठमोठ्या धोंड्यांमधून पाणी खळाळत होतं. पलीकडे गवताचा उतार आणि त्यामागे दाट झाडी. नणंदेनं पाण्यापासून सत्तर पावलं मोजून तंबू ठोकला, खाण्याची पिशवी दोरीनं उंच फांदीला टांगली आणि वहिनीच्या हातात खुरपं दिलं.

"हे बाथरूम. वीतभर खोल खणायचं आणि नंतर बुजवायचं. दादाला सांगू नकोस, आठवडाभर हसत बसेल."

शुक्रवारी सकाळी वहिनी एकटीच पाण्याशी गेली. स्थानकाची पद्धत तीन घोषणांची. पहिली, गाडी यायची असते तेव्हा. दुसरी, गाडी फाटकात दिसली की. तिसरी, ती फलाटाला लागली की. तिच्यात सगळे थांबे आणि पोचायची वेळ सांगायची, आणि मग लोक चढतात. गाडी उभी नसताना तिसरी घोषणा वहिनीनं उभ्या नोकरीत एकदाही केली नव्हती.

तिनं पहिली सुरू केली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. दोनदा हवाच आली. तिसऱ्यांदा मात्र 'प्र' फुटला, गंजलेल्या बिजागरीसारखा. तेवढ्यानंही तिला भरून आलं. खरवडत खरवडत तिनं घोषणा पुरी केली आणि मान वर केली.

पलीकडचं गवत सात-आठ जागी दबलं होतं. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मघाशी ते उभं होतं, अशी तिची पक्की खात्री होती.

"हरणं बसली असतील," नणंद म्हणाली.

वहिनीनं वहीत लिहिलं: ओळीनं?

शनिवारी दुपारी तिनं दुसरी घोषणा केली. आवाज फाटका होता, पण आवाज होता. आणि ती संपताच पलीकडून सळसळ आली. वाऱ्याचं नाव नव्हतं. ती सळसळ वहिनी झोपेतही ओळखली असती. गाडी दिसल्यावर सगळे एकदम पायाशी ठेवलेलं सामान उचलतात ना, ती. दबलेल्या जागांच्या आता चार ओळी झाल्या होत्या. पुढची ओळ पार पाण्याला टेकली होती.

नणंद मागे चहाचा मग धरून उभी होती. तिनं तो न पिताच ओतून टाकला.

"वहिनी, आपण आजच निघू या का?"

"उद्या," वहिनी म्हणाली.

तीन महिन्यांत माणसाशी बोललेला तिचा हा पहिला शब्द. नणंद ढसाढसा रडली आणि निघायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी सामान बांधून झालं. वहिनी पाण्याशी जाऊन उभी राहिली. पलीकडचा सगळा उतार दबलेला होता, झाडीपर्यंत. ओढा वाहत होता, पण खळखळ दबकी झाली होती. गर्दी ऐकायला थांबते तेव्हा अशी शांतता होते. तिला भीती वाटली, खोटं कशाला सांगा. गाडी नव्हती. नियम तिचाच होता. पण उद्या सोमवार होता.

तिनं श्वास घेतला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

आवाज आला. सगळाच्या सगळा आला, भरदार, गोल, पूर्वीपेक्षाही चांगला. समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. वहिनी बोलत गेली. थांब्यांची नावं आपोआप जिभेवर येत होती आणि तिनं ती येऊ दिली. इतकं सुख तिला कधीच झालं नव्हतं.

पायाखालची वाळू थरथरू लागली. समोरच्या झाडीत काहीतरी येऊन थांबलं.

गवत उठू लागलं.

पुढची ओळ आधी. मग दुसरी. धक्काबुक्की नाही, घाई नाही.

मग थरथर हळूहळू लांब गेली. उतार हिरवागार, सरळ उभा. ओढा पुन्हा खळाळू लागला.

वहिनी मोठ्यानं हसली. हसतानाही आवाज होता. ती धावत नणंदेपाशी गेली आणि तिला गच्च मिठी मारली. "ऐकलंस? ऐकलंस ना? उद्या बघ साहेबांची कशी बोलती बंद करते."

"ऐकलं," नणंद म्हणाली. "थांबे कुठून आणलेस गं? एकही नाव कधी ऐकलेलं नाही. शेवटचं सोडून."

"शेवटचं कुठलं म्हटलं मी?"

"आपलं घर. गल्ली, जिना, मजला, सगळं सांगितलंस."

वहिनी अजून हसतच होती. सव्वीस वर्षांच्या सवयीनं तिनं विचारलं, "आणि पोचायची वेळ?"

"बारा चाळीस." नणंदेनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "वहिनी, दादा आज घरीच आहे ना?"