गीतांजली काही मरेना

गीतांजलीच्या गळ्याला पहिल्यांदा ज्या परक्या मुलाचा हात लागला, त्यानं तिथं प्लेगची गाठ लावली. तीही अगदी मन लावून. लावून झाल्यावर जरा मागं सरकला, मान तिरपी केली, डोळे बारीक केले आणि बघतच राहिला.

"दुखते का?" त्यानं विचारलं.

"कोणाले? मले, का त्या सिनेमातल्या बाईले?"

"तिले तर दुखतेच. मी तुमाले विचारून राहिलो."

गीतांजलीनं मान हलवली, तशी गाठ सुटायला लागली, आणि त्याची बोटं पुन्हा एकदा तिच्या गळ्याशी आली. त्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता.

मोर्शीच्या पलीकडे संत्र्याच्या बागांना लागून एक पडीक वावर होतं. मुंबईच्या सिनेमावाल्यांनी तिथं पाचशे वर्षांपूर्वीचं गाव उभं केलं होतं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, वेशीवर शेंदूर फासलेली मरीमाय. सुलतानांचा काळ, गावात शिरलेली साथ, पटापट पडणारे उंदीर आणि मागोमाग पडणारी माणसं, अशी सिनेमाची गोष्ट. गर्दीला माणसं हवी होती, आणि गीतांजली नेमकी दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे आलेली. अमरावतीच्या क्लासमध्ये दहावीच्या पोरांना गणित शिकवून डोकं पिकलेलं. मावशीच्या शेजारणीनं, इंदूबाईंनी, तिला हाताला धरून नेलं. इंदूबाईंना स्वतःला रडायचं काम मिळालं होतं. गावात कुणीही मेलं की त्यांनी ऊर बडवायचा, आणि त्या तो असा बडवायच्या की मेलेल्याला उठून समजूत काढावीशी वाटावी.

गर्दीचे तीन भाग पाडले होते. धडधाकट, आजारी आणि मेलेले. गीतांजली आजाऱ्यांत पडली. आजारी माणसानं काही दिवस खंगायचं, गळ्यातली गाठ रोज थोडी वाढवून घ्यायची, मग एका संध्याकाळी मरून बैलगाडीत पडायचं. गाडी शिवेपार गेली की काम संपलं, घरी जायला मोकळं.

गाठी लावणारा मुलगा अकोल्याचा, नाव कुंदन. मुंबईहून आलेले मेकअपचे मोठे उस्ताद कुलदीपजी, ते फक्त नायक-नायिकेचे चेहरे करायचे. गर्दीची सगळी मरणं कुंदनच्या वाट्याला.

"अकोल्याले काय करता?" दुसऱ्या सकाळी तिनं विचारलं.

"बहिणीचं पार्लर आहे. नवऱ्या सजवतो."

"नवऱ्या सजवता सजवता एकदम मुडदे?"

"सारखंच असते जी. दोघायलेही हालू द्याचं नसते." मग कापसावर रबराचा पातळ थर चढवता चढवता हळूच म्हणाला, "तुमी मात्र लय हालता."

सेटवर सगळे त्याला दादा म्हणत. ओ दादा, माही गाठ पडली! दादा, मले जरा जास्त फिक्कं करा! गीतांजलीनं मात्र पहिल्या दिवसापासून तो शब्द जपून चुकवला. "अहो" म्हणायची, "ऐका ना" म्हणायची, नुसतं खाकरायची सुद्धा. आणि तोही, सगळ्या बायकांना ताई-माई करणारा, तिच्याशी बोलताना "तुमी"च्या पुढं जात नव्हता. इंदूबाईंना कळायला कितीसा वेळ लागणार! आसवं पुसता पुसता त्या म्हणाल्या, "काहून वं पोट्टे, त्याले दादा म्हणाले जीभ जड होते का?"

"गाठीनं जड झाली, मावशी."

"गळ्यातल्या का दुसऱ्या कोठच्या?" आणि लगेच शॉट लागल्यामुळं इंदूबाई हंबरडा फोडायला धावल्या.

काय सकाळी होत्या त्या! सूर्य वर यायच्या आत गीतांजली त्या मोडक्या खुर्चीत येऊन बसायची. साथ घालवायला गावात कडुलिंबाचा पाला जाळायचे ना, तसा जाळलेला धूर सेटभर पसरायचा. त्या धुरात घरं अर्धीच दिसायची, माणसं तरंगत यायची, आणि शेजारच्या बागेतली पिवळी होत चाललेली संत्री मधेच कुठंतरी उजळायची. संत्र्यांकडे कॅमेरा वळवायला सक्त मनाई होती, कारण त्या काळात इकडं संत्री नव्हती म्हणे. पण साथीनं गांजलेली रयत पदराआड बसून फोडी खातच असायची. डोळे मिटले की गालावरून ब्रश फिरायचा. हलका, गार... आणि तिला वाटायचं, आपण खरंच त्या गावच्या आहोत. या शतकातलं काहीच अजून घडलेलं नाही. फळा नाही, खडू नाही, प्रमेय नाही. फक्त धूर आहे, आणि धुरातला हा हात आहे.

"झोपल्या का?"

"मरून राहिली."

"आज नाई," तो म्हणायचा. "आज नाई मरत तुमी."

खरंच नव्हती मरत. तिच्याबरोबर आजारी पडलेले सगळे एकेक करून गाडीत पडले, इंदूबाईंच्या आक्रोशात शिवेपार गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं आपापल्या घरी पोचले. गीतांजली आपली तिथंच. एका सकाळी आरशात बघताना तिच्या गणिती डोक्यात प्रकाश पडला. गाठ रोज वाढायला हवी होती. कालची गाठ परवाच्यापेक्षा लहान होती. आजची कालच्यापेक्षा लहान. ओठांवर निळसर रंग असायचा, तोही कुठं गेला होता. हा मुलगा तिला रोज थोडं थोडं बरं करत होता!

दिवसभर तिला भाकरीची चव कळेना आणि पाण्यानं तहान भागेना, असं काहीतरी होऊन बसलं.

त्याच दुपारी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी सांगितलं की कुलदीपजींना कुंदनचा हात आवडला आहे. शूटिंग संपलं की ते त्याला मुंबईला घेऊन जाणार. शूटिंग संपायला किती दिवस? फक्त या बाईचं मरण राहिलंय, असं म्हणून त्या माणसानं भाकरीच्या हातानं गीतांजलीकडंच बोट केलं. म्हणजे ती मेली की हा मुंबईला, आणि ती अमरावतीला, फळ्यासमोर. मधल्या काळात त्यानं काही बोलायला नको का? नुसती गाठ लहान करून मुलीला काय समजायचं? समजलं होतं तिला, पण ऐकायचं होतं. आणि स्वतःहून विचारायची हिंमत तिच्यातही नव्हती, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी छोट्या पडद्यावर मागचे शॉट पाहिले आणि ताडकन उठले.

"ही बाई बरी होतेय!" ते ओरडले. "माझ्या सिनेमात कुणीही बरं होत नाही! अख्खं गाव मरतंय आणि हिच्या गालावर लाली? हिची गाठ कोण करतंय?"

सगळं गाव आपापल्या पायाकडं बघायला लागलं. धडधाकट, रडणारे, सगळेच. कुलदीपजींनी चष्मा काढून कुंदनकडे पाहिलं. कुंदन एक पाऊल पुढं आला, त्याचा चेहरा पांढराफटक, त्यानं स्वतःच रंगवल्यासारखा. तोंड उघडणार तेवढ्यात—

"सर, ते करतात बरोबर," गीतांजली म्हणाली. "मीच खाजवते. खाज सुटते ना गाठीची. मग ती झिजते. लालीपण मीच पदरानं पुसून पुसून... सॉरी सर."

आयुष्यात पहिल्यांदा इतकं सफाईनं खोटं बोलली ती. डायरेक्टरांनी कपाळावर हात मारला. "आजच मारा हिला. सूर्य मावळायच्या आत. शेवटचा शॉट."

शेवटच्या मेकअपला वेळ लागला. पूर्ण वाढलेली गाठ जबड्यापासून खांद्यापर्यंत, काळी पडलेली बोटांची टोकं, डोळ्यांखाली खड्डे. कुंदननं गम लावला आणि म्हणाला, "आता वाळेपर्यंत बोलू नका. जबडा हालला तर सगळं जाईन."

तिनं डोळ्यांनीच बरं म्हटलं. बराच वेळ नुसता ब्रश फिरत राहिला. मग तो एकदम बोलायला लागला. इतके दिवस तिची बडबड ऐकणारा मुलगा, नेमका आज, नेमका आत्ता!

"खोटं कावून बोलल्या तुमी?... नाई, बोलू नका. मले मालूम आहे. म्हणजे मालूम नाई, पण... वाटते मले." ब्रश थांबला. "गाठ मीच लहान करत होतो. रोज रात्री ठरवाचो, उद्या वाढवतो. सकाळी तुमी येऊन बसल्या की हातच नाई चालाचा. मी मुंबईले जाऊन राहिलो. जावं तर लागनच, असा मोका परत नाई भेटत. पण लगनसराईत येतो मी अकोल्याले, दरवर्षी येईन. अकोल्याहून अमरावती काही दूर नाई... तवापर्यंत..." त्यानं तिचा हात घेतला, बोटांची टोकं काळी करायला म्हणून, पण रंग लावायचं विसरला. "तवापर्यंत माह्यासाठी थांबाल का तुमी?"

गीतांजलीनं मेल्यासारखं दिसायचं होतं, आणि सगळं रक्त मेलं गालांकडं धावत सुटलं होतं! गम ओला. ओठ शिवल्यासारखे. डोळ्यांनी काय काय म्हणून सांगायचं माणसानं? ती होकाराचं एक बोट वर करणार, तेवढ्यात बाहेरून हाकारा झाला, "मुडदा पाठवा, मुडदा! उजेड चालला!"

गाडीत गवत भरून केलेले चार-दोन मुडदे आधीच पडले होते. त्यांच्या मधोमध गीतांजली डोळे मिटून आडवी झाली. गाडी किसनरावांची, मोर्शीचेच होते ते. इतक्या लोकांना शिवेपार सोडून आता तेही सराईत झाले होते. धूर सोडला गेला. बैलांच्या घंटा वाजल्या. इंदूबाई गाडीवर ओणवल्या, छाती पिटली, "माय वं माय, कशी गेली वं माही पोरगी, आता कोणाच्या तोंडाकडे पाहू वं..." आणि तोंड कानाशी आल्यावर हळूच, "काय म्हणे वं थो?"

मुडदा हसला. अगदी गालाला खळी पडेपर्यंत.

"कट! कट! प्रेत हसतंय! पाचशे माणसं मेली या गावात, एकही हसलं नाही!"

कुंदन पावडरचा पफ घेऊन धावत आला. डायरेक्टर डोक्यावर उभे होते. त्यानं तिच्या गालावर पफ दाबला आणि ओठ न हलवता विचारलं, "हासल्या कावून? माह्यावर हासल्या का?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांतली भीती बघून तिला रडूच आलं. पण डायरेक्टर म्हणाले, "डोळे मिटा बाई, डोळे," आणि तिनं मिटले.

दुसऱ्या वेळी ती मरून पडली ती पडलीच. श्वाससुद्धा पोटातल्या पोटात घेतला. घंटा, धूर, इंदूबाईंचा गळा, चाकांखाली फुटणारी काळी ढेकळं. पापण्यांवर मावळतीचा उजेड तांबूस होऊन सांडत राहिला. गाडी मरीमायवरून पुढं गेली, शीव ओलांडून गेली. मागं कुठंतरी कट झालं असावं, टाळ्या वाजल्या, माणसं ओरडली. पण बांधावरची वाट अरुंद, गाडी वळवायला जागा थेट बागेपाशी, म्हणून किसनराव तसेच हाकत राहिले.

थोड्या वेळानं त्यांनी मागं वळून पाहिलं.

"बाई, थांबवू का गाडी? थो गाठीवाला पोट्टा पयत येऊन राहिला मांगून."

गीतांजलीनं डोळे उघडले नाहीत. आता मोकळ्या झालेल्या जबड्यानं ती म्हणाली, "थांबवू नका, बाबाजी. पयू द्या थोडसं. इतके दिवस गप्प बसला, अन् मले बोलता येत नव्हतं तवा बोलला."

किसनराव खुदकन हसले आणि बैलांना चुचकारलं. पावलं जवळ आली, ढेकळांत अडखळली, पुन्हा जवळ आली. मग गाडीच्या लाकडावर एक हात थाडकन पडला. गीतांजली उठून बसली. केसांत गवत, गळ्याला भली मोठी गाठ, डोळ्यांखाली खड्डे. अशा अवतारात कुठल्याच मुलीनं आजवर कुणाला होकार दिला नसेल. कुंदनला धाप लागली होती, कपाळावरचा घाम पापण्यांत उतरत होता.

"गीतांजली..." तो म्हणाला. "थांबशील?"

थांबशील! "तुमी" गेलं कुठल्या कुठं. तिच्या आत काहीतरी मऊ होऊन पार विरघळलं.

"थांबीन ना," ती म्हणाली. "लगनसराईपर्यंत थांबीन, तिच्यापुढंही थांबीन. पण तू दरवेळेस असा धापा टाकत विचारू नको, जीव घाबरते माहा. चढ आता गाडीवर."

"अहो बाई," किसनराव पुढूनच म्हणाले, "हे मेलेल्यायची गाडी आहे. जित्या माणसाले अथी जागा नाई."

गीतांजलीनं गवताचा एक मुडदा बाजूला सारला आणि कुंदनला हात दिला.

"घ्या हो त्याले," ती म्हणाली. "थो कुठी जिता राहिला आता!"