दोराची दोन टोकं

"मामा, आत्ताच्या आत्ता ये! घरातल्याच कुणीतरी माझा दोर कापलाय!"

भाची फोनवर ओरडत होती. मामा निवृत्त फौजदार आणि जन्मजात तापट. पण डोकं तापलं की त्यांची नजर जास्तच चालायची.

भाचीच्या घरात हा पसारा. भिंतीवर भूमध्य समुद्रातल्या त्या बेटाचा नकाशा, कड्यांना लाल खुणा, पायवाटांना हिरव्या. वर्षभर बेत आखला होता, उद्याचं विमान होतं. आणि जमिनीवर चढाईचा निळा दोर पडला होता, मधोमध कापलेला.

"तिकडे भाड्याने मिळेल की," मामा म्हणाले.

"परक्या दोरावर मी चढत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवा उद्यापर्यंत मिळत नाही. बेत बुडाला! आणि हे हिचं काम." तिने भावजयीकडे बोट दाखवलं. "पहिल्या दिवसापासून नकारघंटा वाजवतेय. आजच्या आज माहेरी चालती हो म्हणावं!"

भावजय, मामांची सूनबाई, दाराशी उभी होती, पायाशी भरलेली बॅग. डोळे लाल, पण मान ताठ.

मामांनी एकेकाला फैलावर घेतलं.

"सूनबाई, नको का म्हणत होतीस?"

"सरावात पडल्यापासून हे झोपेत दचकून उठतात, मामा. म्हणून म्हटलं, जाऊ नका. दोराला मी जन्मात हात लावलेला नाही."

तिचा नवरा, म्हणजे मामांचा भाचा, खुर्चीत चहा पीत होता. कप डाव्या हातात.

"जाऊ दे ना, मामा," तो पुटपुटला. "झालं ते झालं."

बायकोच्या बाजूने एक शब्द नाही! मामांचं पित्त खवळलं.

बेटावर जाणारा तिसरा गडी होता दातांचा डॉक्टर. त्याच्या खिशातून लायटर डोकावत होता.

"काल तुम्ही इथे होता?"

"होतो. भांडलोसुद्धा. मला नुसत्या पायवाटा हव्या होत्या, हिला कडे चढायचे होते. म्हणून काय मी दोर कापीन?"

मामांनी खाली बसून कापलेली टोकं चाचपली. दोन्ही कडक, गुळगुळीत, वितळून काळी पडलेली.

"हे असं का गं?"

"दोर कापला की टोक जाळून बंद करतात, नाहीतर तो उसवतो. गरम असतानाच चिमटीत दाबायचं. आम्हा सगळ्यांना सवयच..." भाची थबकली.

"थांबलीस का? बोल! दोराचं वाटोळं करायला निघालेला माणूस टोकं कशाला जाळत बसेल? मन फिरलं, पण हाताची सवय काही सुटली नाही. हे सूनबाईचं काम नव्हे. कापणारा चढणाऱ्यांपैकीच आहे."

सगळ्यांच्या नजरा लायटरकडे वळल्या. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

"हात दाखवा, डॉक्टर."

हात स्वच्छ होते. मामा भाच्याकडे वळले.

"आता तू. मी आल्यापासून उजव्या हाताला सुट्टी का दिलीयस?"

भाच्याच्या उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर टपोरे फोड आले होते.

"पडल्यापासून मला कड्याकडे बघवत नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "ताईला सांगायची लाज वाटली. म्हटलं, दोर गेला की बेत आपोआप बारगळेल."

"घाबरणं हा गुन्हा नाही रे गाढवा!" मामा कडाडले. "पण बायकोवर आळ येत होता आणि तू चहा ढोसत बसलास! उभ्या नोकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण इतका भेकड नाही पाहिला."

भाची भावजयीपुढे आली. "चुकलं माझं. ठेव ती बॅग."

सूनबाईने बॅग उचलली.

"ताई, वर चढायच्या आधी तुम्ही खाली दोर धरणाऱ्याला विचारता ना, 'धरलंय का?' म्हणून? सकाळपासून मी ह्यांच्याकडे बघून तेच विचारत होते."

नवऱ्याने कप खाली ठेवला.

"मी माहेरी जातेय. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही."

मामांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि तिला सोडायला ते तिच्याबरोबर जिना उतरले.