पालकाची एकेचाळीस पानं

"दार लावा! आधी दार लावा!" मी ओरडले, पण व्हायचं ते झालं होतं. पार्ल्याच्या आमच्या कॉलेजच्या डार्करूममध्ये व्हरांड्यातलं ऊन थेट टेबलावरच्या पानावर पडलं. दारात एक उंच मुलगा, हातात लाकडी पेटी.

"सॉरी... मी जयवंत. पवईहून आलोय. सर म्हणाले, वनमाला पान देईल."

"तुमच्यासाठीच ठेवलं होतं, आणि तुम्हीच त्याची वाट लावलीत! मापायच्या आधी पान वीस मिनिटं अंधारात ठेवावं लागतं. आता पुन्हा वीस मिनिटं."

"मग बसतो की," तो म्हणाला आणि खरंच बसला.

छोट्या हिरव्या दिव्यात त्याचा चेहरा धड दिसतही नव्हता. आवाज मात्र... जाऊ दे. पेटीतलं यंत्र काय करतं ते त्याने सांगितलं. अंधारातल्या पानावर एकदम झगझगीत उजेड टाकला की पान बावरतं. पेलेल तेवढा उजेड घेतं, बराचसा उष्णता करून टाकून देतं, आणि अगदी थोडा तांबूस होऊन परत येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो.

"आणि कडक ऊन पडलं की पानातले हिरवे कण अंग चोरून पेशीच्या कडेला सरकतात," मीही अक्कल पाजळली.

"तुझ्यासारखे. मी बघितलं की तू लगेच भिंतीकडे बघतेस."

"अंधारात तुला काय दिसतं रे?"

"मान वळलेली कळते ना."

मी पटकन मान सरळ केली.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. मी बाजारातून पालकाची जुडी घ्यायची – एक पान त्याला, बाकीची जुडी कांदिवलीला घरी. "गो, तू कॉलेजात शिकतंस की भाजी विकतंस?" आई वैतागायची. ती वीस मिनिटं आम्ही सगळं बोलायचो... फक्त एक सोडून. रात्री पाठ टेकली की मला उद्याच्या दुपारचेच वेध लागायचे.

एप्रिल संपत आला. सोमवारी जयवंत नोकरीसाठी लखनौला निघणार होता आणि रविवारी कुडाळची मंडळी मला बघायला येणार होती. त्याआधी त्याने बोलावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. स्वतः बोलायचं? छे!

शनिवारी त्याला सामान आवरायला मदत करताना त्याची नोंदवही हाती आली. सुरुवातीलाच सरांचं अक्षर होतं – वीस पानं मापावीत. मी नोंदी मोजल्या. एकेचाळीस.

"जयवंत, वीसच हवी होती?"

"हो..."

"मग वरची एकवीस?"

तो वायर गुंडाळत राहिला. "यंत्र जरा... तपासत होतो."

"खोटं!" माझा आवाजच फुटला. "एकवीस वेळा वीस मिनिटं. सात तास, जयवंत! सात तास शेजारी बसलास आणि एक शब्द नाही? उद्या चारला मला बघायला येतायत. मला ते नकोत. मला तू हवायस, कळतंय का तुला?"

वायर त्याच्या हातातून सुटली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चारला?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मग मी तीनला येतो. आई घाटकोपरला आहे, तिला घेऊनच येतो. पत्ता दे."

घाईत बिल्डिंगचं नाव चुकलं, ते खोडून पुन्हा लिहिलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

"आणि वनमाला... पोहे आधी आम्हाला."